कान शाबूत, हात तुटके
(सांगलीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मार्केट यार्डात हळदीचा सौदा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे नवीन नाही. व्यापारी ढिगातलं एक हळकुंड उचलतो आणि कट्कन मोडतो. पॉलिश केल्यावर बाहेरून सगळीच पिवळीधमक. आतला रंग मोडल्याशिवाय कळत नाही. माझा धंदा थोडाफार तसाच, फक्त माझं हळकुंड डोळ्यांना दिसत नाही. मी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून प्रथिनं बनवून घेते.

आज एकाच प्रथिनाबद्दल बोलते, लॅक रिप्रेसर. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय भलता काटकसरी. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, समोर आली तरच ती पचवायची एन्झाइम्स तो बनवतो. एरवी हा रिप्रेसर डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावर ठाण मांडून बसतो आणि पुढची जनुकं वाचू देत नाही. त्या तुकड्याला ऑपरेटर म्हणतात. लॅक्टोज आलं की त्यातल्या थोड्याचं अॅलोलॅक्टोज होतं, ते रिप्रेसरला चिकटतं आणि त्याची पकड सुटते.

झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये हे मांडलं, १९६५ मध्ये नोबेल मिळालं. गंमत अशी, की रिप्रेसर कशाचा बनलाय याबद्दल त्यांचा पहिला कल आरएनएकडे होता! तो प्रथिन आहे हे गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये तो वेगळा करून दाखवलं. काम किचकट होतं, कारण एका पेशीत हे रेणू जेमतेम दहा-एक.

आज आपण त्याचं जनुक प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या गोल कड्यात, घालतो आणि जिवाणूलाच कारखाना करतो. वाढ पुरेशी झाली की आयपीटीजी नावाचं संयुग टाकायचं. हे लॅक्टोजचं सोंग घेतं, पण जिवाणूला ते पचवता येत नाही, त्यामुळे संपत नाही. म्हणजे बघा, रिप्रेसर बनवून घ्यायला आधी त्या जिवाणूतल्याच रिप्रेसरला हटवायचं! मग पेशी फोडायच्या, बर्फात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्या टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांचं शेपूट जोडलेलं असतं, ते निकेलच्या कॉलमला, म्हणजे निकेल असलेल्या उभ्या नळीला, धरून राहतं. बाकीचा गाळ वाहून जातो. शेवटी इमिडाझोल ओतलं की ते निकेलवरची शेपटाची जागा घेतं आणि आपला माल सुटून खाली.

एका एप्रिलमध्ये मी हे केलं. दुपारी वीज गेली, कोल्ड रूम तापली, आणि प्रथिनं कुरतडणाऱ्या एन्झाइम्सना आवरणारं रसायन मी घाईत टाकलं नव्हतं. शेपूट मागच्या टोकाला होतं, त्यामुळे कॉलमनं माल नीट पकडला. मग जेल चालवलं, त्यात प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होतात, हलकं ते जास्त खाली जातं. जेलवर एकच पट्टा, ठळक, निळाशार. मी खूश. जरा खाली सरकलाय असं वाटलं खरं, पण जेल वाकडं चाललं असेल म्हणून सोडून दिलं. आयपीटीजी धरतो का? धरतो! डबा बंद.

डीएनए मात्र तो धरेना.

तेव्हा मी जेल परत नीट पाहिलं. रिप्रेसरची एक साखळी ३६० अमिनो आम्लांची, वजन साधारण ३८ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). अशा चार साखळ्यांचा एक रेणू. माझा पट्टा ३२ च्या आसपास होता. प्रत्येक साखळीच्या पुढच्या टोकाला साधारण साठ अमिनो आम्लांचं डोकं असतं, डीएनए पकडतं ते तेच. डोकं आणि धड यांच्यामधला सांधा नाजूक, कातरी लागते ती नेमकी तिथे. उरलेलं धड चौघांनी मिळून राहतं, आयपीटीजीही ओळखतं. कान शाबूत, हात तुटके! शुद्धतेत खोट काढायला जागा नव्हती, फक्त तो रिप्रेसर राहिला नव्हता. आपल्या क्षेत्रात ‘शुद्धता अमुक टक्के’ या एका आकड्यावर लोक फार लवकर समाधान मानतात, मीही मानलं होतं.

दुसऱ्या खेपेला सगळं बर्फात, ते रसायन आधी टाकून. मग हळकुंड मोडलं. ऑपरेटरचा डीएनए एकटा जेलवर सोडला तर झरझर खाली जातो. रिप्रेसर चिकटला की जड होऊन वरच रेंगाळतो. तो वर राहिला. त्याच मिश्रणात आयपीटीजी टाकून पुन्हा चालवलं, तर डीएनए परत खाली. धरतोही आणि सांगितल्यावर सोडतोही, दोन्ही दिसलं तेव्हाच नळीवर नाव लिहिलं.

ती पहिली नळी मी फेकली नाही. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये आहे. डीएनए न पकडणारा नमुना प्रत्येक चाचणीत शेजारी चालवावा लागतो, त्याला ती छान उपयोगी पडते.