क्लच घसरतोय? थांबा, प्लेटा नंतर बघू

मागं आवाज येतोय ना? बरं. ही समोर उभी आहे ती माझी १९७८ ची बुलेट, साडेतीनशे, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. ज्यांनी फक्त नव्या गाड्या चालवल्यात त्यांनी हिच्यावर बसताना जरा जपून, कारण माणूस दचकला की उजवा पाय आपोआप खाली दाबतो आणि हिच्यात खाली दाबलं की ब्रेक लागत नाही, वरचा गिअर पडतो. मी एकदा असाच एका रसवंतीच्या बाकड्यात घुसलोय. असो, आजचा विषय क्लच.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्याला येत होतो, मागं मेव्हणा, सपाटीला गाडी मस्त डुगडुगत होती. खंबाटकी चढायला लागलो आणि काय होतंय तेच कळेना, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतंय पण गाडी आहे त्याच स्पीडला. मला वाटलं पिस्टन गेला, रिंगा गेल्या, मनात खर्चाचा आकडापण तयार झाला. पण इंजिन दमलं असेल तर ते बसतं, आवाज जड होतो. इथं आवाज मोकळा होऊन वर जात होता, म्हणजे ताकद तयार होत होती, ती चाकापर्यंत पोचत नव्हती. हा फरक कानाला कळला पाहिजे, कारण हिच्यावर आरपीएमचा काटा नाही.

खात्री करायची तर अजून सोपी युक्ती आहे. इंजिन बंद करा, चौथा गिअर टाका, क्लचची लिव्हर सोडलेली ठेवा आणि गाडी पुढं ढकला. बुलेटचं कॉम्प्रेशन लागलं की चाक अडलं पाहिजे. चाक फिरतंय आणि पिस्टन जागेवर, म्हणजे क्लच घसरतोय. कीकवरपण कळतं, कारण हिची कीक गिअरबॉक्समधून क्लचमार्गेच इंजिनाला जाते, त्यामुळं क्लच गेला की कीक लोण्यात पाय गेल्यासारखी खाली जाते. मात्र कट्‌कन आवाज येऊन सटकत असेल तर ते कीकच्या दात्यांचं दुखणं, क्लचला बोल लावू नका.

आता गंमत ऐका. त्या ट्रिपच्या आठवडाभर आधी सिग्नलला न्यूट्रल सापडत नव्हता. जुन्या बुलेटचं हे रडगाणं सगळ्यांना माहिती, उगाच नाही कंपनीनं टाचेनं दाबायची न्यूट्रलची वेगळी दांडी दिली. मी काय केलं, क्लच नीट सुटत नाही म्हणून केबल ताणली, अगदी प्ले, म्हणजे लिव्हरचा सुरुवातीचा रिकामा ढिलेपणा, संपेपर्यंत. न्यूट्रल सापडायला लागला, मी खूश. म्हणजे क्लच न सुटण्याचा इलाज करता करता मी क्लच न धरण्याचा आजार स्वतःच लावून घेतला. प्ले शून्य म्हणजे तुम्ही चोवीस तास क्लच थोडा दाबून ठेवलाय, स्प्रिंगांचा पूर्ण दाब क्लचच्या प्लेटांवर बसतच नाही, आणि एकमेकींना दाबून धरणाऱ्या या प्लेटाच तर इंजिनाची ताकद पुढं देतात.

आणि बघा, नवी केबल लांबते तसा प्ले वाढतो, पण प्लेटा झिजल्या की उलटं, प्ले कमी होतो. कारण प्लेटांची थप्पी पातळ झाली की वरची प्रेशर प्लेट आत सरकते आणि पुशरॉडला, म्हणजे लिव्हर दाबली की ती प्लेट उचलणाऱ्या दांडीला, उजवीकडं, गिअरबॉक्सच्या बाजूला ढकलते. त्यामुळं "मी केबलला हात पण लावला नाही" म्हणणाऱ्याचाही प्ले संपलेला असू शकतो.

म्हणून पहिलं काम, चेनकेसला, म्हणजे डावीकडच्या ज्या डब्यात क्लच बसतो त्याला, हात लावायचा नाही. केबलचा अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिला करा. गिअरबॉक्सवर उजवीकडं दोन स्क्रूचं छोटं झाकण आहे, ते काढलं की आत अ‍ॅडजस्टर आणि त्याचा लॉकनट दिसतो. पुशरॉडला जेमतेम टेकेपर्यंत आणा, थोडा मागं घ्या, लॉक करा, मग केबलचा ढिलेपणा काढा. हँडलवर लिव्हर आणि ब्रॅकेटच्या फटीत एक नाणं सरकलं पाहिजे, बास. मी घाटमाथ्यावर टपरीच्या उजेडात नुसती केबल ढिली केली आणि साताऱ्याला पोचलो. मेव्हणा अजून म्हणतो की गाडी त्याच्या आशीर्वादानं चालली.

दुसरं, ऑईल. बुलेटचं इंजिन ऑईल वेगळं आणि चेनकेसचं वेगळं, त्यामुळं चेनकेसमध्ये काहीही ओतलं जातं, कारमधलं उरलेलं सिंथेटिक सुद्धा. कारच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, ते क्लचला घातक. डब्यावर जासो (JASO) या जपानी दर्जाचा एमए किंवा एमए२ शिक्का बघा, एमबी लिहिलेलं घेऊ नका, ते स्कूटरसाठी.

एवढं करून पण चढावर घसरला, तर मग चेनकेस खोला. माझा घसरला, कारण घसरत चालवल्यामुळं प्लेटा तोवर काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवून बघा, डुलत असतील किंवा निळ्या पडल्या असतील तर बदला. घर्षणाच्या प्लेटा नुसत्या चकाकत असतील, जाडी शाबूत असेल, तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हातानं घासल्या तरी चालतात. स्प्रिंगा नव्याशेजारी उभ्या करून उंची बघा. आणि स्प्रिंगाखाली वायसर घालून दाब वाढवायचा तो जुगाड कृपया नको, मनगट दुखतं, प्लेट वाकडी उचलते, न्यूट्रल पुन्हा हरवतो आणि आपण पुन्हा केबल ताणतो. नव्या प्लेटा असतील तर रात्रभर ऑईलमध्ये भिजवून मग बसवा.

तुम्ही विचारताय चेनकेसच्या झाकणाला किती बोल्ट, तर एकच मोठा नट, मधोमध. फक्त आधी डावा फूटरेस्ट आणि ब्रेकची दांडी बाजूला घ्यावी लागते, आणि बसवताना रबराचं पॅकिंग नीट खाचेत बसलंय का ते बोट फिरवून बघायचं, नाहीतर घरासमोर रोज ऑईलची रांगोळी. चला, खोलूनच दाखवतो. तो ट्रे जरा इकडं सरकवा, आणि पुढच्या रांगेतल्यांनी चपला मागं घ्या.