‘विल शुअरली’ म्हणालो आणि डॉल्फिन आलेच नाहीत

(मालवणची जेटी. मागे सिंधुदुर्ग किल्ला. वारा सुटलाय, माइक कॉलरला.)

नमस्कार मंडळी. वाऱ्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, आज शूटिंग जेटीवरच करायचं होतं. कारण ज्या चुकीवर हा व्हिडिओ आहे, ती इथूनच जवळ, देवबागला झाली. आणि केली मी.

आमचा होमस्टे आहे, चार खोल्यांचा. गेल्या डिसेंबरात एक परदेशी जोडपं उतरलं होतं. रात्री जेवताना बाईंनी विचारलं, उद्या डॉल्फिन दिसतील का? मी छाती पुढे काढून सांगितलं, ‘यू विल शुअरली सी डॉल्फिन्स.’ सकाळी साडेसहाला मामाची होडी निघाली. दोन तास फिरली. डॉल्फिन सोडा, पाण्यावर एक शेपूट हललं नाही. परत आल्यावर बाई चिडल्या वगैरे नाहीत. चपला हातात घेऊन वाळूतून वर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘बट यू सेड वी वुड.’ माझंच ‘विल’ भूतकाळात नेऊन त्यांनी माझ्या हातात परत ठेवलं.

गंमत अशी की आदल्या दिवशी मी मामाला हेच विचारलं होतं. तो जाळं सारखं करत म्हणाला, ‘दिसतले. दिसले तर दिसले.’ यात होकार किती आणि नकार किती, हे तुम्हाला-मला बरोबर कळतं. त्याचं इंग्रजी करताना माझी होडी उलटली.

(कॅमेरा जवळ.)

आता का उलटली ते बघू. एक साधं वाक्य घ्या. ‘लाँच सुटली असेल.’ याच्यापुढे ‘कदाचित’ लावा. ‘बहुतेक’ लावा. ‘नक्कीच’ लावा. क्रियापद हललं? ‘असेल’ जागच्या जागी. खात्री किती आहे याचा सगळा भार पुढच्या शब्दाने उचलला. आमच्या मालवणीतही तेच, ‘लाँच गेली आसतली’, मग त्यात अंदाज किती आणि खात्री किती, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं.

इंग्रजीत असं एका ‘असेल’वर भागत नाही. कदाचित सुटली असेल, तर ‘द लाँच माइट पॉसिब्ली हॅव लेफ्ट.’ बहुतेक सुटली असेल, तर ‘द लाँच विल प्रॉबेब्ली हॅव लेफ्ट.’ नक्कीच सुटली असेल, तर ‘द लाँच मस्ट सर्टनली हॅव लेफ्ट.’ बघा, माइट, विल, मस्ट. मोडल, म्हणजे हे छोटं सहायक क्रियापद, स्वतःच बदललं, आणि बाजूला बसलेलं ऍडव्हर्ब (पॉसिब्ली, प्रॉबेब्ली, सर्टनली) त्याच्याच वजनाचं आलं. जॉन लायन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९७७ साली अशा जोड्यांना ‘हार्मोनिक’ म्हटलं, म्हणजे सूर जुळलेल्या. आपल्याकडे डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, बुवांनी एक पट्टी धरली आणि पेटीवाल्याने दुसरीच, तर मंडपातलं पोरगंसुद्धा हसतं. ‘इट माइट डेफिनिटली रेन’ ऐकताना इंग्रजी कानाला तसं होतं.

आणि यातला एक बारकावा मला फार आवडतो. ‘माइट पॉसिब्ली’ म्हणजे शक्यतेची शक्यता नव्हे. शक्यता एकच, ती दोन तोंडांनी सांगितली. आपण ‘कदाचित येईलही’ म्हणतो तेव्हा ‘कदाचित’ आणि ‘ही’ मिळून एकच काम करतात ना, तसं.

मग ‘मे’बरोबर ‘सर्टनली’ कधीच येत नाही का? येतं! पाहुण्याने विचारलं, तुमचं स्वयंपाकघर वापरू का, तर ‘यू मे सर्टनली यूज द किचन’ अगदी बरोबर. इथे ‘मे’ अंदाजाचा नाही, परवानगीचा आहे. म्हणून जोड्या पाठ करून उपयोग नाही, आधी मोडल कुठल्या कामावर आलंय ते बघायचं.

‘शुअरली’चं आणखी वेगळं. आपल्याकडे शुअरली म्हणजे नक्की, असं शाळेपासून डोक्यात बसलंय. पण इंग्लंडातला माणूस ‘द लाँच मस्ट शुअरली हॅव लेफ्ट बाय नाऊ’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो खात्री देत नसतो, समोरच्याचा दुजोरा मागत असतो. ‘एव्हाना सुटली असणारच, नाही का?’ त्या ‘नाही का’मधला जो सूर, तो शुअरली. खात्री द्यायची तर ते ‘डेफिनिटली’ म्हणतील. अर्थात माझ्या वाक्यात डेफिनिटली घालून डॉल्फिन काही आले नसते.

मी म्हणायला काय हवं होतं? ‘यू मे वेल सी डॉल्फिन्स.’ नुसत्या ‘मे’मध्ये दिसतील किंवा नाहीही. ‘वेल’ लावलं की पारडं दिसण्याकडे झुकतं, ‘दिसायची बरीच शक्यता आहे’, पण शब्द कुणी दिलेला नाही. मामाच्या वाक्याच्या सगळ्यात जवळ जाणारं इंग्रजी मला हेच वाटतं. ‘माइट वेल’, ‘कुड वेल’ही चालतं. ‘कॅन वेल’ मात्र या अर्थाने म्हणत नाहीत.

जाता जाता. इथे सगळ्यांच्या मोबाइलवर हवामान खात्याची इंग्रजी पत्रकं येतात. त्यात विल, मे शोधू नका, तिथे ‘लाइकली’ची भाषा चालते, आणि तीही मोजून. लाइकली म्हणजे २५ ते ५० टक्के, व्हेरी लाइकली ५० ते ७५, मोस्ट लाइकली ७५ च्या वर. म्हणजे खात्याचं नुसतं लाइकली निम्म्याच्याही खाली, आणि रोजच्या इंग्रजीत लाइकली म्हणजे ‘बहुतेक’! पत्रक वाचताना हे ध्यानात ठेवा, पाहुण्याशी बोलताना विसरा.

(घराचा ओटा. हातात घावन्याची ताटली.)

आता ‘पॉसिब्ली’. या शब्दाने आमच्या आईला फसवलंय. एका पाहुण्याने सहा घावने खाल्ले आणि सातव्याला हात आडवा करून म्हणाला, ‘आय कान्ट पॉसिब्ली ईट अनदर वन.’ आईला ‘पॉसिब्ली’ तेवढं ऐकू आलं. मला विचारते, काय म्हणाला? मी आपलं शब्दाला शब्द लावला, ‘कदाचित नको म्हणतोय.’ आता कोकणातल्या बाईसमोर ‘कदाचित नको’ म्हणजे ‘वाढ’. सातवं पडलं. आठवंही पडलं.

‘कान्ट’च्या मागून आलेलं पॉसिब्ली नकार सैल करत नाही, आवळतं. ‘आता शक्यच नाही हो’, त्यातला हा ‘च’. आणि तेच ‘कुड यू’च्या मागून आलं की आर्जव होतं. ‘कुड यू पॉसिब्ली वेक अस ऍट फाइव्ह?’ म्हणजे तुम्हाला उठवता येतं का, अशी परीक्षा नव्हे. ‘जमलं तर पाचला उठवाल का?’ एवढंच. याला ‘येस, आय कॅन’ असं कोरडं उत्तर देऊ नका, ‘ऑफ कोर्स’ म्हणा.

जागा बदलली की अर्थ बदलतो, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण होडीवरचं. ‘आय रिअली कान्ट स्विम’ आणि ‘आय कान्ट रिअली स्विम’. पहिल्यात ‘रिअली’ नकाराच्या आधी आहे: खरंच सांगतो, मला पोहता येत नाही. दुसऱ्यात ते नकाराच्या पोटात गेलं: पोहता येतं असं काही म्हणता येणार नाही, हातपाय मारतो झालं. मी मामाला दोन्हींचा फरक समजावला. मामाने ऐकून घेतलं आणि दोघांच्याही लाइफ जॅकेटचे पट्टे सारखेच आवळले. तिथे त्याचंच बरोबर.

‘प्रॉबेब्ली’ कुठे ठेवायचं यात पुष्कळ जण अडखळतात. होकार असेल तर मोडलनंतर: ‘द ट्रेन विल प्रॉबेब्ली बी लेट.’ पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा हे वाक्य कामी येईल. नकाराचं ‘वोन्ट’ आलं की मात्र आधी: ‘इट प्रॉबेब्ली वोन्ट स्टॉप ऍट कणकवली.’ ‘वोन्ट प्रॉबेब्ली’ कानाला खटकतं.

आणि एक माझं लाडकं, ‘माइट ऍज वेल’. दाभोळच्या धक्क्यावर पोचलात, आणि धोपाव्याची फेरीबोट डोळ्यांदेखत निघाली. पुढची येईपर्यंत करायचं काय? ‘वी माइट ऍज वेल हॅव टी.’ इथे शक्यता-बिक्यता काही नाही. ‘गेलीच आहे, तर चहा तरी घेऊ.’ त्या ‘च’मधली हतबलता आणि ‘तरी’मधली समजूत, दोन्ही या तीन शब्दांत आहेत. फक्त कुणाला आमंत्रण देताना वापरू नका. ‘यू माइट ऍज वेल कम’ म्हणजे ‘एवीतेवी रिकामेच आहात, तर या’. पाहुणा येईल, पण तोंड पाडून.

(फाटकाजवळचा फळा.)

तर त्या डिसेंबरनंतर मी हा फळा बदलला. आधी इथे खडूने ‘डॉल्फिन्स शुअर’ लिहिलं होतं. आता बघा काय आहे: ‘यू मे वेल सी डॉल्फिन्स.’ मी खूश होऊन मामाला दाखवायला आणलं. मामा सातवी पास, इंग्रजी सुटा सुटा शब्द लावत वाचतो. मे. वेल. डॉल्फिन. दोनदा वाचलं, मग माझ्याकडे वळून म्हणतो,

‘मे म्हयन्यात? विहिरीत डॉल्फिन? कोण येतलो बघूक?’