धार लावणाऱ्या हातातला तंबोरा

(पडदा काळा. फक्त आवाज: खर्रर्र, खर्रर्र. मग शांतता. मग एक तार.)

हा आवाज कानशीचा. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावर, कानस चाललीय. दोन घासे मारायचे, फुंकर घालायची, तार जागेवर आणायची, छेडायची. नाही? मग तार पुन्हा बाजूला, पुन्हा कानस. तासभर हेच चालतं. बघणाऱ्याला कंटाळा येतो, करणाऱ्याला येत नाही.

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. दारात भोपळ्यांचा ढीग.)

ही मिरजेतली सतारमेकर गल्ली. सतार फारसीतून आलेली, मेकर इंग्रजीतून, आणि आडनाव अस्सल मिरजेचं. दुकानांच्या पाट्यांवर ते इतक्या वेळा दिसतं की नव्या माणसाला वाटावं, एकाच घराची दुकानं आहेत सगळी. ते तसं फार चूकही नाही. कारण या पाट्यांचा माग काढत मागे गेलं की एका माणसापाशी येऊन थांबावं लागतं. फरीदसाहेब सतारमेकर. मूळचे शिकलगार.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, तलवारीला झळाळी देणारा कारागीर. 1818 मध्ये पेशवाई संपली, लढाया थांबल्या, आणि हळूहळू तलवारी म्यानात गेल्या त्या दसऱ्याच्या पूजेपुरत्याच बाहेर येऊ लागल्या. ज्याचं पोट धारेवर, त्यानं काय करायचं?

मिरजेत पटवर्धनांचं संस्थान. दरबारात गवई यायचे, वादक यायचे. गोष्ट अशी सांगतात, की वाद्य बिघडलं की दुरुस्तीला माणूस मिळेना. वाद्यं करणारे सगळे लांब उत्तरेत. तेव्हा दरबारातून विचारणा झाली ती गावातल्या हुशार शिकलगाराकडे. फरीदसाहेबांनी मोडकं वाद्य उघडलं, बघितलं, जोडलं. पुढे स्वतःच नवं घडवलं. हा काळ 1850 च्या आसपासचा.

गोष्टीत हे एका ओळीत होतं. प्रत्यक्षात किती भोपळे फुटले असतील!

(दृश्य: भोपळ्याच्या आत कारागिराचा हात, कोपरापर्यंत.)

भोपळा म्हणजे भाजीचा नव्हे. हा कडू, जाड सालीचा, आणि घेराला एवढा की लहान मूल आत बसेल. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून. मिरजेची तंतुवाद्यं मिरजेतच का झाली, याचं अर्धं उत्तर या भोपळ्यात आहे. एवढा मोठा भोपळा वेलीवरून जवळच मिळत होता. वाळलेला भोपळा कापायचा, पाण्यात भिजवायचा, आतला गर खरवडून काढायचा आणि ओला असतानाच आतून काटक्यांचा ताण देऊन त्याला हवा तो आकार द्यायचा. मग पुन्हा वाळवण. त्याला गळा जोडायचा, दांडी जोडायची, ती तुणाच्या लाकडाची, आतून पोकळ. तोंडावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवायची. खुंट्या, नक्षीची पानं, पॉलिश. इथवर सुतारकाम, म्हणजे हात चांगला असला की जमतं.

तंबोरा मात्र अजून मुका आहे.

(दृश्य: घोडी, अगदी जवळून. तारेखाली सुताचा धागा.)

तबलीच्या मधोमध ही घोडी. तारा हिच्यावरून जातात. वरून सपाट दिसते, पण सपाट नाही. किंचित उतार आहे, डोळ्याला न दिसणारा. तार थरथरते तेव्हा त्या उतारावर घासत, स्पर्श करत, सुटत जाते. त्यातून जो रुंद, घुमणारा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा नाद उठतो ती जवारी. उतार जरा जास्त झाला की आवाज बसका, कमी झाला की किरटा. वर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा. तो केसभर पुढे गेला तर नाद मिटतो, केसभर मागे आला तर उघडतो.

जवारी फूटपट्टीनं मोजत नाहीत. कानानं ऐकायची आणि हातानं घासायची. मला राहून राहून वाटतं, फरीदसाहेबांना हे साधलं ते शिकलगार असल्यामुळेच. पात्यावरून नेमकं किती काढायचं आणि कुठं थांबायचं, हे ज्या बोटांना ठाऊक होतं, त्यांना घोडी परकी वाटली नसेल. जास्त घासलं तर पातं वाया, इथं घोडी वाया. काढलेलं परत लावता येत नाही, दोन्हीकडे.

(दृश्य: मीरासाहेब दर्गा, चिंचेचं झाड.)

कारागीर मोठा झाला तो ऐकणारे मोठे होते म्हणूनही. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच शिकले. आणि उत्तरेतलं कैराना सोडून आलेले गवई अब्दुल करीम खाँ मिरजेचेच होऊन गेले. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार. असं गिऱ्हाईक दारात आलं की कारागिराची झोप उडते! 1937 मध्ये ते दक्षिणेत प्रवासात असताना गेले, पण विसावले इथं, दर्ग्याच्या आवारात. उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं, तेव्हा गवयामागे तंबोरे असतात, आणि ते कुठले हे मिरजेत कुणी विचारत नाही.

फरीदसाहेबांचा धंदा मुलांकडे गेला, नातवंडांकडे गेला, शेजारपाजाऱ्यांकडे गेला. आज मोबाइलमध्ये तंबोरा आहे, त्याला ना भोपळा लागतो, ना दोरा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण गल्लीत विचारलं तर पहिली काळजी तीच: पोरं शिकायला बसतात का?

(दृश्य: पुन्हा दुकान. सुरुवातीचेच हात. एक गायिका समोर बसलेली.)

"चाचा, खर्ज बोलत नाही बघा. पावसाळ्यापासून."

चाचा काही बोलत नाहीत. खुंटी पिळतात, घोडीखालचा मणी सरकवतात, डोळे मिटून तार छेडतात. पितळी खर्ज, सगळ्यांत खालच्या सुराची तार. मग कानस. दोन घासे. फुंकर. दोरा मागे, आणखी थोडा मागे.

आता पंचम, मधल्या दोन तारांची जोड, खर्ज, सगळ्या तारा लागोपाठ. खोली भरते. नीट ऐकलंत तर चार तारांत नसलेला एक स्वर वर तरंगताना ऐकू येईल. तो गांधार, सा-रे-ग मधला ग. तो कुणी लावलेला नसतो. खर्ज खरा लागला आणि जवारी उघडी असली की आपोआप उमटतो. म्हणूनच त्याला स्वयंभू म्हणतात.

बाईंच्या चेहऱ्यावर तो आधी दिसतो, मग आपल्याला ऐकू येतो.

"झालं?"

"झालं. गाडीत आडवा टाकू नका, मांडीवर घ्या भोपळा."

गवसणी चढते. नाडी बांधली जाते. चाचांनी पुढचा तंबोरा ओढून घेतलाय.

(कानशीचा आवाज. पडदा काळा.)