पाच आठवड्यांची स्थगिती, पावणेतीन वर्षांचा मुक्काम: सोलापूर महापालिकेचं सभागृह रिकामं का राहिलं?

[दृश्य: महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीचा दर्शनी भाग, मग कौन्सिल हॉलचा दरवाजा]

मार्च 2022. सोलापूर महापालिकेची मुदत संपली. महापौर, स्थायी समिती आणि 102 नगरसेवक, सगळ्यांची पदं एकाच दिवशी गेली. निवडणूक त्याआधीच उरकायला हवी होती. ती झाली नाही. आयुक्तच प्रशासक झाले आणि पुढची जवळजवळ चार वर्षं या शहराला एकही नगरसेवक नव्हता. त्याच महिन्यात जिल्हा परिषद गेली, पंचायत समित्याही गेल्या.

शहरात दंगल नव्हती. सरकारनं सभागृह बरखास्तही केलं नव्हतं. हे सगळं सुरू झालं सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून, आणि त्या निकालात सोलापूरचं नावसुद्धा नव्हतं.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत, पडद्यावर तारीख, 4 मार्च 2021]

विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन. विषय होता विदर्भातल्या जिल्हा परिषदांचा: वाशिम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया. तिथं अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी यांच्या राखीव जागा मिळून निम्म्याच्या वर गेल्या होत्या. राज्याच्या कायद्यात ओबीसींसाठी सरसकट 27 टक्के लिहिलेले होते. न्यायालयानं विचारलं, हा आकडा आला कुठून?

हा प्रश्न त्या दिवशी नव्यानं आला नव्हता. 2010 साली के. कृष्णमूर्ती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एक बारीक पण फार महत्त्वाचा फरक सांगितला होता. शिक्षणात आणि नोकरीत मागे राहणं वेगळं, राजकारणात मागे राहणं वेगळं. एखादा समाज शाळा-कॉलेजात मागे असला, तरी गावच्या सत्तेत तो मागे असेलच असं नाही. उलटंही असू शकतं. म्हणून राजकीय आरक्षण द्यायचं तर राजकीय मागासलेपण मोजा, आणि ते त्या त्या संस्थेपुरतं मोजा. राज्यानं पुढची अकरा वर्षं ते मोजलं नाही. त्यात सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली.

गवळी निकालानं तीन अटी घातल्या. स्वतंत्र आयोग नेमा आणि प्रत्यक्ष माहिती गोळा करा. त्या माहितीवरून प्रत्येक संस्थेतलं प्रमाण ठरवा. आणि सगळं आरक्षण मिळून 50 टक्क्यांच्या पुढं जाऊ देऊ नका. यालाच आपल्याकडं ट्रिपल टेस्ट म्हणतात. माझ्या मते ही मागणी रास्त होती. ज्याच्या नावानं जागा राखायची, तो सत्तेपासून किती लांब आहे हे सरकारला ठाऊक असायला नको?

[दृश्य: सोलापूर, सेटलमेंट भागातली एक गल्ली, सकाळची वेळ]

ही मोजणी सोलापुरात कुणासाठी महत्त्वाची आहे, हे पाहायचं तर सेटलमेंटमध्ये यावं लागतं. ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं आणि त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. तो कायदा 1952 साली रद्द झाला. कुंपणाच्या आत जन्मलेल्यांची नातवंडं आज या शहराची मतदार आहेत. महापालिकेच्या निवडणुकीत विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, आणि भटक्या जमाती ओबीसींच्याच राखीव जागांवरून लढतात. नागरिकांचा मागास प्रवर्ग म्हणतात तो हाच. 102 जागांच्या सभागृहात 27 टक्के म्हणजे सत्तावीसएक जागा. त्यातल्या निम्म्या महिलांच्या. या जागा गेल्या तर या गल्लीतला माणूस खुल्या जागेवर, पैसेवाल्या उमेदवारासमोर उभा राहणार.

म्हणजे आकडा खरा असायला हवा आणि जागाही टिकायला हवी. अडचण इथून सुरू झाली.

[दृश्य: विधानभवन, वर्तमानपत्रांचे मथळे]

पुढचं वर्ष धावपळीचं. सप्टेंबर 2021 मध्ये राज्यानं अध्यादेश काढला. डिसेंबरमध्ये न्यायालयानं त्यातल्या ओबीसी आरक्षणाला स्थगिती दिली आणि त्या जागा खुल्या धरून निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. केंद्राकडं 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणाची माहिती मागितली, ती मिळाली नाही. मार्च 2022 मध्ये मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल न्यायालयात टिकला नाही. लगेच विधिमंडळानं कायदा करून प्रभाग पाडायचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडं घेतले. सत्ताधारी विरोधकांकडं बोट दाखवत होते, विरोधक सत्ताधाऱ्यांकडं, आणि ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक नको या एका वाक्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं. पण त्याचा अर्थ नीट पाहा. आकडे गोळा करायचं काम सरकारचं. ते झालं नाही, म्हणून मतदाराचा हक्क लांबणीवर.

[पडद्यावर: अनुच्छेद 243-यू]

संविधान इथं अगदी स्पष्ट आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं आलेला अनुच्छेद 243-यू सांगतो, पालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. 2006 साली किशनसिंग तोमर खटल्यात, अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात, घटनापीठानं हेच ठासून सांगितलं. नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था कोलमडणं, अशी अगदी अपवादाची वेळ सोडली तर निवडणूक पुढं ढकलता येत नाही.

मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालय पुन्हा तेच म्हणालं. 4 मे रोजी महाराष्ट्राला: दोन आठवड्यांत निवडणूक कार्यक्रम जाहीर करा. 10 मे रोजी सुरेश महाजन खटल्यात मध्य प्रदेशला: ट्रिपल टेस्ट पूर्ण झाली नसेल तर त्या जागा खुल्या धरा, पण निवडणूक थांबवू नका. आरक्षण किती, हा एक प्रश्न. मतदान कधी, हा दुसरा. न्यायालयानं या दोन प्रश्नांची गाठ स्वतःच्या हातानं सोडवली होती.

आणि तीन महिन्यांत ती पुन्हा बसली.

[दृश्य: अहवालाची पानं, मग सोलापुरातल्या घरांच्या दारांवरच्या नावाच्या पाट्या]

माजी मुख्य सचिव जयंत बांठिया यांच्या आयोगानं जुलै 2022 मध्ये अहवाल दिला. 20 जुलैला न्यायालयानं त्यानुसार निवडणुका घ्यायला मोकळीक दिली. अहवालावर टीका झाली ती मुख्यतः एका गोष्टीवरून. मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून जात ओळखण्याचा प्रयत्न झाला होता. सोलापूरच्या माणसाला यातली अडचण समजावून सांगावी लागत नाही. पवार मराठा असतात, पारधी असतात, बंजाराही असतात. गायकवाड आणि जाधव हीच गोष्ट. शिवाय पूर्व भागात तेलुगू आडनावं, दुसरीकडं कन्नड, तिसरीकडं उर्दू बोलणारी विणकर घरं, ज्यांच्यातल्या अनेक जाती ओबीसी यादीत आहेत. दारावरची पाटी वाचून कुणाची जात कळायची? कृष्णमूर्ती निकालानं मागितलेली प्रत्यक्ष पाहणी अशी होत नाही.

दरम्यान राज्यात सरकार बदललं होतं. आधीच्या सरकारनं महापालिकांची सदस्यसंख्या वाढवली होती, सोलापूरची 102 वरून 113. नव्या सरकारनं ऑगस्टमध्ये अध्यादेश काढून 2017 ची संख्या परत आणली. प्रभागरचना पुन्हा कागदावर. त्याविरुद्ध याचिका. आधीच कार्यक्रम जाहीर झालेल्या 367 संस्थांना नवं आरक्षण लागू करायचं की नाही, हा आणखी एक वाद. 22 ऑगस्ट 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला: पाच आठवडे परिस्थिती जैसे थे.

त्या पाच आठवड्यांची पावणेतीन वर्षं झाली. तारखा पडत राहिल्या. प्रकरण निकाली निघालं नाही, निवडणूकही लागली नाही.

[दृश्य: शहरातली एक गल्ली, नळाला लावलेली मोटर, दारात ओळीनं ठेवलेल्या घागरी]

दिल्लीत तारीख पडते तेव्हा सोलापुरात काय होतं? उजनीवरून शंभर किलोमीटरहून लांबून या शहराला पाणी येतं, आणि वर्षानुवर्षं ते चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याची पाळी चुकली की बाई आधी चावीवाल्याला गाठते. तो म्हणतो, वरून सुटलं नाही. मग ती नगरसेवकाच्या दारात जाते. नगरसेवक चांगला असो वा वाईट, त्याचं घर ठाऊक असतं, आणि पाच वर्षांनी तो पुन्हा त्याच गल्लीत हात जोडून येणार असतो. या चार वर्षांत ते दारच नव्हतं. होते ते माजी नगरसेवक, ज्यांच्या शब्दाला फायलीवर वजन नाही, आणि आमदार, ज्यांच्याकडं लाखो मतदार.

अंदाजपत्रकाचं बघा. एरवी आयुक्त ते स्थायी समितीपुढं मांडतात. समिती त्यात फेरफार करते. मग सर्वसाधारण सभा भरते, रात्र होईपर्यंत भांडणं होतात, माझ्या प्रभागाचं ड्रेनेज कुठं गेलं म्हणून नगरसेवक उभा राहतो, पत्रकार वर बसून लिहून घेतात. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच. स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडं, सर्वसाधारण सभेचेही त्याच्याकडं. अधिकारी कर्तबगार असेलही. या काळात सोलापुरात कामं झालीच नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण कुठला रस्ता आधी आणि कुठला नंतर, हे सगळ्यांदेखत विचारायची जागा बंद होती. 6 एप्रिल 1930 रोजी, इंग्रजांचं राज्य असताना, याच शहराच्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकावला होता. असा निर्णय घ्यायला सभागृह असावं लागतं.

2017 ची निवडणूक 21 फेब्रुवारीला झाली होती. त्या वेळी ज्या मुलीला अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी होता, तिला नगरसेवकासाठी पहिलं मत देताना सत्ताविसावं सरत आलं होतं.

[दृश्य: पडद्यावर तारीख, 6 मे 2025]

अखेर 6 मे 2025 रोजी न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांच्या पीठानं गाठ तोडली. बांठिया अहवालाच्या आधी जी आरक्षणाची स्थिती होती, ती धरून निवडणूक घ्या. चार आठवड्यांत अधिसूचना, चार महिन्यांत निवडणुका. ती मुदतही पाळली गेली नाही. न्यायालयानं ती 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवली. सोलापूरचं मतदान 15 जानेवारीला झालं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत. 26 प्रभाग, जुन्याच 102 जागा. कोण जिंकलं हा आपला आजचा विषय नाही.

विषय हा, की 2025 साली जे करता आलं ते 2022 च्या ऑगस्टमध्येही करता आलं असतं. तोच कायदा, तोच अनुच्छेद, आणि न्यायालयाचा स्वतःचा मे महिन्यातला आदेश समोर होता. ओबीसींची बाजू राखून, अंतिम निकालाच्या अधीन ठेवून मतदान घेता आलं असतं. न्यायालयाचा आदर करूनच हे म्हणायला हवं.

[दृश्य: कौन्सिल हॉल]

आता पुढचं. मे 2025 च्या आदेशानं निवडणूक झाली, पण ओबीसींचं प्रमाण किती असावं हा मूळ प्रश्न त्या आदेशानं सोडवला नाही. निवडणुकाच मुळी अंतिम निकालाच्या अधीन राहून घ्यायच्या होत्या. केंद्रानं येत्या जनगणनेत जातींची नोंद घ्यायचं ठरवलं आहे, तिचा संदर्भदिन 1 मार्च 2027. जात मोजली म्हणजे राजकीय मागासलेपण मोजलं असं होत नाही. ते काम राज्याच्या आयोगानं, प्रत्येक पालिकेत जाऊन वेगळं करायचं आहे: कोणत्या समाजाचे किती नगरसेवक आजवर झाले, किती जण खुल्या जागेवर निवडून आले, कुणाचा एकही झाला नाही.

सोलापूरची ही माहिती महापालिकेच्याच दप्तरात आहे, 1964 पासूनच्या प्रत्येक सभागृहाची. नव्या सभागृहाची पाच वर्षं 2031 च्या सुरुवातीला भरतील. त्या तारखेपर्यंत राज्यानं आयोगाचं काम पूर्ण करावं, आणि नाही झालं तरी मतदान थांबवू नये, असा ठराव या सभागृहानं याच वर्षी मुंबईला पाठवायला हवा.