पिल्लांची विष्ठा रोज सकाळी बघा

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

आजचा विषय जेवताना ऐकण्यासारखा नाही. कुणी भाकरी पुढ्यात घेऊन बसलं असेल तर आधीच माफी मागतो. बोलायचं आहे ते कोंबडीच्या पिल्लांच्या विष्ठेबद्दल. विट्याकडच्या हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये असो, नाहीतर पाटणच्या डोंगरात डालग्याखाली ठेवलेल्या वीस-पंचवीस गावरान पिल्लांची असो, विष्ठा बघायची रीत एकच.

पिल्लू आपलं दुखणं लपवतं. जे कमजोर दिसतं त्याला बाकीची टोचतात, म्हणून ते शक्य तितका वेळ इतरांबरोबर दाणे टिपत राहतं. पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेलं तुम्हाला दिसतं तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. विष्ठा बऱ्याचदा त्याच्या आधी बदलते. म्हणून सकाळी शेडमध्ये गेलात की खाद्य टाकायच्या आधी खाली बघा.

मात्र पिल्लांची विष्ठा बघून घाबरलेले जे लोक विचारायला येतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या पिल्लांना काहीही झालेलं नसतं. तेव्हा निरोगी विष्ठा कशी असते, ते आधी नीट समजून घेऊ.

पक्ष्याला वेगळी लघवी नसते. मूत्रपिंडातून निघणारं युरिक ॲसिड विष्ठेबरोबरच बाहेर पडतं. तपकिरी किंवा करड्या-हिरवट गोळीवर पांढरा थर दिसतो तो हाच. तो असायलाच हवा. दुसरा प्रकार लोकांना जास्त घाबरवतो. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी बंद टोकाच्या दोन नळ्या असतात. त्या दिवसातून काही वेळा रिकाम्या होतात आणि काकवीसारखी घट्ट, चिकट, गडद विष्ठा पडते. तिला घाण वास येतो, वर पांढरा थर नसतो. साधारण आठ-दहा वेळा साधी विष्ठा पडली की एकदा ही. हिला हगवण समजून औषध पाजणारे मी कितीतरी पाहिलेत. उलट ही पडते म्हणजे त्या नळ्यांचं काम नीट चाललं आहे.

खाण्याप्रमाणेही रंग बदलतो. लसूणघास टाकलात तर विष्ठा हिरवी होणारच. कधीतरी एखाद्या विष्ठेत तांबूस-नारिंगी तंतू दिसतात. ते आतड्याचं झडलेलं अस्तर असतं. क्वचित दिसलं आणि पिल्लू पळतं-खातं असेल तर काळजी नको. दिवसभर ठिकठिकाणी दिसू लागलं तर मात्र दुर्लक्ष करू नका.

एक दिवसाची पिल्लं आणली की पहिले तीन-चार दिवस तुसावर वर्तमानपत्र पसरतातच. विष्ठा वाचायला यापेक्षा सोयीची जागा नाही. फक्त गुळगुळीत रंगीत पुरवण्या वापरू नका, त्यावर पिल्लांचे पाय फाकतात. कागद रोज बदला आणि टाकण्याआधी एकदा बघा.

याच दिवसांत काही पिल्लांच्या गुदद्वाराला विष्ठा चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. वेळेवर लक्षात आलं नाही तर पिल्लू मरतं. ओढून काढू नका, कातडी सोलून निघेल. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करून काढा आणि पिल्लू पूर्ण कोरडं करूनच ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बची ऊब दिलेल्या जागेत, सोडा. पोटाकडे बेंबीची वाळलेली खपली असते, तिला हात लावू नका. पण पुसून मूळ दुखणं जात नाही. प्रवासाचा ताण, पाणी उशिरा मिळणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे उष्णता कमी-जास्त होणं, ही त्याची कारणं. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ फॅरनहाइट हवं. पुढे दर आठवड्याला फॅरनहाइटचे ५ अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर गारठली आहेत, चोच उघडून कडेला पळाली तर उकडतंय. माण-खटावात थंडीच्या दिवसांत पहाटे किती गारठा पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे बघायचं ते पहाटेच.

आता पांढरी हगवण. इथे पिल्लाचं वय विचारल्याशिवाय कुणी नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चुन्यासारखी पांढरी, चिकट हगवण, पिल्लं गोळा होऊन बसलेली, विष्ठा टाकताना कळवळून ओरडणारी, असं दिसलं तर पुलोरमचा संशय घ्यायचा. हा साल्मोनेला जातीचा जंतू आईकडून अंड्यातून येतो. वाचलेली पिल्लं मोठी झाल्यावरही तो अंगात बाळगतात, म्हणून त्यांची अंडी उबवायला ठेवू नयेत. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात पांढरी, पाण्यासारखी हगवण, थरथर आणि स्वतःचंच गुदद्वार टोचणं दिसलं तर गंबोरो आठवा. तो विषाणू आहे, त्यावर इलाज नाही. त्याची लस साधारण चौदाव्या दिवशी देतात.

आणि रक्त. शिराळा, पाटण, जावळी भागात जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लं असतील त्यांनी हे नीट ऐका. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. हिचा परजीवी डोळ्यांना न दिसणारा, एकपेशीय. विष्ठेतून त्याची बीजं बाहेर पडतात, पण ती पडल्या पडल्या बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, मग ती टिपणाऱ्या पिल्लाला रोग होतो आणि आठवडाभरात ते पिल्लू हजारो बीजं बाहेर टाकायला लागतं. म्हणजे रोग येतो विष्ठेतून, पण वाढतो ओल्या गादीत, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसात. बहुधा सुरुवात पाण्याच्या भांड्याभोवतीच्या ओल्या कड्यातून होते. भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. तूस रोज उलटंपालटं करा. मुठीत दाबून बघा, सोडल्यावर भुगा मोकळा झाला पाहिजे. लाडू राहिला तर ते तूस काढा आणि कोरडं घाला. नंतरच्या औषधापेक्षा हे कोरडं तूस स्वस्त पडतं.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत लाल रक्त, तुरा फिका, पंख सोडलेले, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाण्यातून ॲम्प्रोलियम देतात, मात्रा त्यांनाच विचारा. ते चालू असताना बी-१ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक देऊ नका. औषध परजीवीला बी-१ मिळू न देऊनच काम करतं, आणि आपण पाजलेलं टॉनिक त्याचीच भूक भागवतं.

हिरवी पातळ विष्ठा दिसली की गावात लगेच मानमोडीची आवई उठते. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, ती असतेच. पण सोबत घरघर, मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं आणि झपाट्याने मरतूक असते. नुसती उपाशी राहिलेली पिल्लंही हिरवंच टाकतात, कारण पोटात अन्न नसलं की पित्ताचा रंग उतरतो. आधी खाद्याचं भांडं बघा. राणीखेतची लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायची असते, ती चुकली असेल तर संशय वाढवा.

जत, आटपाडीकडे एप्रिल-मे महिन्यांत पाणीदार विष्ठा दिसली तर बऱ्याचदा कारण उन्हाचं असतं. पिल्लू जास्त पाणी पितं आणि ते बाहेर टाकतं. बोअरचं पाणी खारट असेल किंवा खाद्यात मीठ जास्त पडलं असेल तरी तसंच होतं. बाराही महिने पातळ विष्ठा पडत असेल तर पाणी तपासून घ्या.

औषधांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. विष्ठेचा रंग सांगून दुकानातून अँटिबायोटिक आणायची सवय वाईट आहे. राणीखेत आणि गंबोरोच्या विषाणूवर ते चालतच नाही. कोलिस्टिन हे औषध तर माणसांसाठी शेवटचा आधार म्हणून राखून ठेवलेलं असल्याने केंद्र सरकारने २०१९ साली कोंबड्यांसाठी बंद केलं. कुणी देऊ केलं तरी घेऊ नका.

डॉक्टरकडे जाताना ताजी विष्ठा स्वच्छ, झाकणाच्या डबीत न्या. पिल्लू मेलं असेल तर ते पिशवीत बांधून, बाहेरून बर्फ लावून त्याच दिवशी न्या, गोठवू नका. शवविच्छेदनात जे दिसतं ते नुसत्या रंगावरून कळत नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जवळच्यांनी तिथेही चौकशी करावी. पिल्लांचं वय, एकूण किती, किती मेली, कोणती लस कधी दिली, खाद्य कधी बदललं, हे कागदावर लिहून न्या. आणि डबी हाताळल्यावर हात साबणाने धुवा. घरातली लहान मुलं पिल्लांशी खेळतात, त्यांचेही धुवायला लावा, साल्मोनेला माणसालाही होतो.

नमस्कार.