शांघायमधले शनिवार-रविवार

पत्रिकेत विषय छापलाय, ‘परदेशी माणसाला मित्र का मिळत नाहीत?’ माझं उत्तर एका वाक्याचं आहे. ते शेवटी सांगतो, नाहीतर तुम्ही आत्ताच चहाला उठाल. (हशा)

मी २०११ ते २०२२ शांघायला होतो, एका कंपनीच्या खरेदी विभागात. म्हणजे पाचशेच्या वर शनिवार तिथे काढले. त्यातले सगळे माझे होते असं मात्र नाही, आणि ही माझी जुनी तक्रार आहे, ती आधी ऐकून घ्या. चीनमध्ये पाच दिवसांचा आठवडा आला मे १९९५मध्ये. पण तिथला शनिवार हलवता येतो. मोठ्या सणाची सुट्टी सलग दिसावी म्हणून सरकार आजूबाजूचे शनिवार-रविवार उचलून कामाला लावतं. याला म्हणतात थ्याओश्यू. २०२१मध्ये १ ते ७ ऑक्टोबर सुट्टी होती. त्यापायी २६ सप्टेंबरचा रविवार आणि ९ ऑक्टोबरचा शनिवार कामावर. आपल्याच खिशातले पैसे काढून आपल्यालाच ओवाळणी घालायची, तसला प्रकार.

त्याच वर्षी गणपतीनिमित्त मी मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. चौदा जण, शनिवार, १८ सप्टेंबर, दुपारी एक. हिने एकावन्न मोदक केले. नारळ कुठून आणला, खवणी कशी तुटली, ती वेगळी गोष्ट, तिला विचारा, पुढच्याच रांगेत बसलीय. दीड वाजला तरी दारात कुणी नाही. मग एकाचा फोन, “अहो काका, आज ऑफिस आहे!” मध्य-शरद सणाची सुट्टी रविवारपासून तीन दिवस, म्हणून शनिवार कामाचा. मी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. माझी कंपनी त्या दिवशी बंद होती, त्यामुळे मला पत्ताच नाही. शेवटी तीन माणसं आली. माणशी दहा मोदक पडले. (हशा) मधुमेहाच्या गोळ्या कुणाकडे आहेत, यावरच त्या दिवशी खरी चर्चा झाली.

बरं, शनिवार हातात आला तरी करायचं काय? परदेशी माणूस परदेशी माणसांकडे जातो. तेच तीस चेहरे, कधी याच्या घरी, कधी नदीकाठी वायतानला. पहिला प्रश्न “किती वर्षं झाली?” आणि दुसरा “परत कधी?” जून आला की शाळा संपतात आणि निरोपाच्या पार्ट्या सुरू होतात. जाणारा माणूस सामान वाटून जातो. माझ्याकडे अशा तीन कुटुंबांचे तीन कुकर जमले होते. माणसं गेली, शिट्ट्या राहिल्या.

एका रविवारी असाच वैतागून मी पीपल्स पार्कात गेलो. शहराच्या अगदी मध्यावर आहे. बघतो तर वाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या, आणि प्रत्येक छत्रीला एक कागद चिमट्याने लावलेला. मला वाटलं छत्र्यांची विक्री. वाकून बघितलं: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, शांघायचा हूखोऊ, म्हणजे शहराचा रहिवासी दाखला, आहे की नाही, फ्लॅट आहे का, त्यावर कर्ज आहे का. अहो, हा तर वधू-वर मेळावा! शनिवार-रविवार दुपारी आईबाप येऊन मुलामुलींची स्थळं बघतात. मुलांना बरेचदा पत्ताही नसतो. आपल्याकडच्या स्थळांच्या वहीत आणि यात फरक एवढाच, की तिथे गोत्राच्या जागी कर्जाचा हप्ता. परदेशात असलेल्या मुलामुलींसाठी वेगळा कोपराही आहे, म्हणजे ‘एनआरआय चालेल’!

तिथे एका आयीने मला धरलं. आयी म्हणजे आपल्याकडे कुणाही बाईला मावशी म्हणतात ना, तसं. पहिले सहा महिने मला वाटायचं सगळं शहर आईला हाका मारतंय. तर तिने विचारलं, कुठला, वय काय, मुलगा की मुलगी. मी म्हटलं, मुलगा आहे, पण अकरा वर्षांचा. “मग आत्तापासून नाव टाका!” शेजारचे एक आजोबा ‘इंदू’, म्हणजे भारत, ऐकून उठलेच. “ख तीह्वा!” म्हणाले. ख तीह्वा म्हणजे सोलापूरचे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८मध्ये गेले, १९४२मध्ये तिथेच वारले. मला वाटलं आता माझा ऊर भरून येणार. तर आजोबा आयीला पटवत होते, “ख तीह्वानं चिनी नर्सशी लग्न केलं होतं, म्हणजे यांच्यात चालतं!” (हशा) मी दोन तास तिथे बसलो. सोबतच्या कागदांचं इंग्रजी करून दिलं, वर त्यांनी थर्मासमधला चहा पाजला. अकरा वर्षांत पहिल्यांदा... नाही, तेव्हा चौथंच वर्ष होतं, पण पहिल्यांदाच मला कुणी “परत कधी?” असं विचारलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता धावत.

तर ते एक वाक्य: ओळख मौजेनं होत नाही, गरजेनं होते. शनिवारी आपण मौज करायला निघतो, म्हणूनच कुणी भेटत नाही. पार्कातल्या लोकांना स्थळ हवं होतं, मी कागद वाचत होतो, म्हणून बसायला जागा मिळाली. पुरावा दुसरा, २०२२. एप्रिल-मे कोविडपायी सगळं शहर घरात बंद. अडीच कोटींच्या आसपास माणसं आणि भाजीची मारामार. आमच्या सहा मजली इमारतीला लिफ्ट नाही, सात वर्षांत मी खालच्या कुणाशी बोललेलो नाही. त्या आठवड्यात वीचॅटवर इमारतीचा ग्रुप झाला, थ्वानकोऊसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून घाऊक मागवायचं. एकटा माणूस पन्नास अंडी घेईना, दुकान एका अंड्यासाठी येईना. नावं कुणाला माहीत नव्हती, घराचा नंबर हेच नाव. मी ‘६०३’. कोकाकोलाचं चलन झालं होतं, चार बाटल्यांना कोबी मिळायचा. आमच्याकडे डाळ भरपूर. हिने मसुराची आमटी स्टीलच्या डब्यात घालून ४०२च्या दाराबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी आमच्या कडीला कोबी लटकलेला. तो शनिवार होता की मंगळवार, कुणाला ठाऊक! वार उरलेच नव्हते. १ जूनला सगळं उघडलं आणि चारच महिन्यांत आम्ही पुण्याला आलो.

याच्यावर कुणी म्हणेल, संकट संपलं की ओळखही संपते. त्याला माझ्याकडे सविस्तर उत्तर होतं, पण वेळ... बरं, एवढंच. त्या ग्रुपमधून मी अजून बाहेर पडलेलो नाही. पाण्याची टाकी धुणार, सायकल हलवा, असलंच येतं. गेल्या रविवारी ४०२ने फोटो टाकला, स्टीलच्या डब्याचा. खाली लिहिलं होतं, “६०३, तुमचा डबा राहिलाय.”