गल्ल्यात उरतो तो सगळा नफा नव्हे

(ठाण्यातील छोट्या व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

भूमीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज आणि संयोजकाला, म्हणजे धंदा चालवणाऱ्याला, नफा, हे आपण शाळा-कॉलेजात पाठ केलेलं असतं. एकाच गल्ल्यातून हे चार वाटे कसे निघतात, ते मात्र हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, नौपाड्यात एक पोळी-भाजी केंद्र आहे. आज फक्त पोळीचाच हिशेब करू. पोळी विकली जाते 10 रुपयांना. कणीक, तेल, गॅस, वीज यांत 4 रुपये जातात. हातात राहिले 6.

दोन तवे आहेत. पहिली बाई दिवसाला 300 पोळ्या करते, दुसरी आल्यावर आणखी 300 होतात. तिसरीमुळे भर पडते 200ची, चौथीमुळे जेमतेम 80ची. चौथी कामचुकार नाही. लाटलेली पोळी तव्याची वाट बघत पडून राहते. हेच घटतं सीमान्त उत्पादन, म्हणजे नव्या माणसामागे कमी होत जाणारी भर. तिसरीमुळे 1,200 रुपये येतात, चौथीमुळे 480. एकीची दिवसाची मजुरी 700 असेल तर मालक तिघींवर थांबतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन बेट्स क्लार्क यांनी 1899 मध्ये मांडलेला वेतनाचा सिद्धांत तो हाच: मजुरी शेवटच्या माणसामुळे पडणाऱ्या भरीशी बांधलेली असते. तिसरा तवा आणला तर चौथीचंही काम परवडू लागतं, म्हणजे श्रमाचं मोल भांडवलावरही अवलंबून असतं. म्हणूनच तवे अपुरे ठेवून नगावर मजुरी देणं मला अन्यायाचं वाटतं. खोळंबा मालकाच्या भांडवलाचा आणि भुर्दंड बाईला.

आता महिन्याचं बघू. रोज 800 पोळ्या, 26 दिवस, नगामागे 6 रुपये: 1,24,800. मजुरी 54,600. उरले 70,200, आणि बहुतेक मालक यालाच नफा म्हणतात. चूक इथेच होते. गाळा स्वतःचा असला तरी भाड्याने दिला असता तर 30,000 आले असते, तो खंड. घातलेले 6 लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला 3,500, ते व्याज. मालक दिवसभर राबतो, तेच काम दुसरीकडे केलं असतं तर 25,000 मिळाले असते. ते त्याचं वेतन. हे 58,500 वजा करा. खरा नफा 11,700.

उद्या त्या गल्लीतलं भाडं 45,000 झालं तर? गल्ल्यात तेवढेच पैसे येतील, पण हिशेब 3,300 उणे दाखवेल. भाडं वाढलं म्हणून पोळी महाग करू म्हणाल, तर गिऱ्हाईक शेजारच्या केंद्रात जाईल. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये धान्याबद्दल हेच दाखवलं: खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग नसतं, धान्य महाग असतं म्हणून खंड मिळतो. स्टेशनजवळच्या गाळ्यात आतल्या गल्लीपेक्षा जास्त विक्री होते, आणि त्या जादा कमाईचा मोठा वाटा शेवटी जागेचा मालक नेतो.

मग 11,700 कशाबद्दल? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्ये फरक केला तो जोखीम आणि अनिश्चितता यांत. आग लागण्याची जोखीम मोजता येते, तिचा विमा उतरवता येतो आणि हप्ता खर्चात धरला जातो. पण समोरचं ऑफिस दुसरीकडे हललं आणि डबे निम्म्यावर आले, तर त्याचा विमा मिळत नाही. ही अनिश्चितता मालकाने सोसायची असते, नफा तिच्याबद्दलचा, आणि काही महिने हा आकडा उणे येणार हे धरूनच पोळीचा धंदा करायचा असतो.